जुन्या कॅमकॉर्डरच्या कॅसेट लिनक्स संगणकावर उतरवताना

आधी कॅमेऱ्याच्या अंगावरची खूण वाचा. व्हिडिओ८, हाय८ आणि व्हीएचएस-सी हे अ‍ॅनालॉग. मिनीडीव्ही आणि डिजिटल८ हे डिजिटल. हा लेख मुख्यतः अ‍ॅनालॉग कॅसेटींबद्दल आहे, कारण यूएसबीची कॅप्चर डबी (अ‍ॅनालॉग चित्र आणि आवाज डिजिटल करून संगणकाला देणारी) त्यांच्यासाठीच लागते.

मिनीडीव्हीच्या टेपवर आधीच डिजिटल माहिती असते. ती पिवळ्या अ‍ॅनालॉग पिनेतून बाहेर काढून पुन्हा डिजिटल करणं म्हणजे हातातली चांगली प्रत टाकून तिची झेरॉक्स ठेवणं. त्या कॅमेऱ्यांना यूएसबीचं तोंड असतं खरं, पण त्यातून बहुतेक वेळा मेमरी कार्डावरचे फोटो किंवा वेबकॅमसारखं हलकं चित्र मिळतं. पूर्ण दर्जाचा व्हिडिओ फायरवायर या वेगळ्या जोडणीच्या तोंडातून येतो. डेस्कटॉपला फायरवायरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवा आणि 'डीव्हीग्रॅब' हा प्रोग्राम वापरा. तो कॅमेरा स्वतः चालू-बंद करतो आणि 'ऑटोस्प्लिट' दिलं तर प्रत्येक चित्रीकरणाची वेगळी फाइल करतो. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. बाजारात एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर असलेली स्वस्त केबल मिळते, ती घेऊ नका. दोन्ही बाजूंची भाषाच वेगळी आहे, नुसती तार जोडून काही होत नाही.

सोनीचे काही डिजिटल८ कॅमेरे जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेटही वाचतात आणि त्या फायरवायरमधून डीव्ही स्वरूपात बाहेर देतात. असा कॅमेरा कोणाकडे उसना मिळाला तर खालचा बराचसा खटाटोप वाचतो.

डबी विकत घेताना नाव नाही, चिप बघा

'ईझीकॅप' या नावाने आणि साधारण त्याच आकारात विकल्या जाणाऱ्या डब्यांच्या आत निरनिराळ्या चिपा असतात. खोक्यावरून काही कळत नाही. डबी लावा, टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' द्या आणि आयडी बघा. (या लेखात आज्ञा आणि आयडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते रोमन अक्षरांतच करायचे.)

०५ई१:०४०८ म्हणजे सिंटेकची एसटीके११६०. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ३.७ पासून आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. चित्र चांगलं येतं. आवाजाच्या बाबतीत मात्र प्रतीप्रतीत फरक आहे: काहींत वेगळी ऑडिओ चिप असते, तर काहींत चिपच्या आतल्याच ८ बिटच्या भागावर भागवलेलं असतं आणि आवाजाला सतत खरखर येते. तशी डबी नशिबी आली तर चित्र डबीतून घ्या आणि आवाज संगणकाच्या लाइन-इनमधून.

१बी७१:३००२ म्हणजे फुशिकाईची यूटीव्ही००७. ड्रायव्हरचं नाव 'यूएसबीटीव्ही', कर्नल ३.११ पासून. चित्र आणि आवाज दोन्ही हाच ड्रायव्हर सांभाळतो. नव्याने घ्यायची असेल तर वरच्या दोन्हींपैकी कोणतीही चालेल.

आयडीची सुरुवात ईबी१ए ने होत असेल तर आत एम्पियाची चिप आहे आणि ड्रायव्हर 'ईएम२८एक्सएक्स'. चिप उत्तम आहे, पण बिनानावाच्या डब्या कधीकधी ओळखल्या जात नाहीत. मग ड्रायव्हर लोड करताना 'कार्ड' हा क्रमांक हाताने द्यावा लागतो.

१सी८८:०००७ दिसलं तर ती सोमॅजिकची आहे. तिच्यासाठी कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही. विंडोजच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर काढून वेगळा प्रोग्राम चालवावा लागतो. परत करता येत असेल तर परत करा.

५३४डी:००२१ ही मॅक्रोसिलिकॉनची. लावताक्षणी वेबकॅमसारखी चालू होते, म्हणून लोकांना आवडते. पण तिच्याकडून चित्र एमजेपेगमध्ये (प्रत्येक चित्र जेपेग फोटोसारखं) दाबलेलंच येतं आणि मूळ फील्ड हाती लागत नाहीत. फील्ड म्हणजे काय आणि ती का हवीत, ते पुढे येईलच. घाईत एखादा प्रसंग बघायचा असेल तर ठीक. जपून ठेवायच्या प्रतीसाठी नको.

पाल की एनटीएससी

भारतात विकलेले कॅमेरे पाल पद्धतीचे: सेकंदाला २५ चित्रं, दिसणाऱ्या ओळी ५७६. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला किंवा तिथेच वापरलेला कॅमेरा एनटीएससी: २९.९७ चित्रं, ४८० ओळी. टेप कोणत्या पद्धतीची ते कॅमेऱ्यावरून ठरतं, कॅसेटवरून नाही. ८ मिमी कॅसेटवर 'पी५-९०' किंवा 'पी६-१२०' असं छापलेलं असतं. पी५ हे पाल देशांसाठी, पी६ हे एनटीएससीसाठी, आणि आकडा त्या पद्धतीतली मिनिटं सांगतो. कॅसेट कुठली ते यावरून कळतं, पण तिच्यात काय भरलंय याचा हा पुरावा नव्हे. मुंबईच्या कॅमेऱ्यात न्यू जर्सीहून आलेली पी६ घातली असेल तर तिच्यावर पालच रेकॉर्ड झालेलं असणार. उलट एनटीएससीत भरलेली टेप पाल कॅमेऱ्यात नीट चालत नाही; तिच्यासाठी तसलाच कॅमेरा शोधावा लागतो.

टेप आणि कॅमेरा तयार करणं

कॅसेटच्या पाठीवरची सरकपट्टी पहिल्यांदा सरकवा. ८ मिमी कॅसेटवर लाल रंग दिसला की तिच्यावर चुकून काही रेकॉर्ड होणार नाही.

मग खिडकीतून टेपची गुंडाळी उजेडात धरून बघा. कोकण, गोवा, मुंबई अशा दमट हवेत कपाटात पडलेल्या कॅसेटींवर पांढरे ठिपके किंवा पिठासारखा थर दिसतो. ती बुरशी आहे. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घातली की बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) चढते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटींवर. ती बाजूला, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि साफ करणाऱ्याकडे द्या. निरोगी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली गुंडाळी त्याने सैल होते. फिरवताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर लगेच थांबा.

सोनीच्या कॅमेऱ्यावर 'सी:२१' आलं तर आत दव धरलंय. एसीच्या खोलीतून पावसाळी हवेत कॅमेरा आणला की हे हमखास होतं. कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा, तासभर थांबा. 'सी:२२' म्हणजे हेड मळलंय: कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, त्याहून जास्त नाही, ती हेड घासते. 'सी:३१' किंवा 'सी:३२' आलं तर कॅसेट काढून परत घाला, वीज तोडून परत जोडा; तरीही येत राहिलं तर मेकॅनिक गाठा.

कॅमेरा बॅटरीवर नको, अडॅप्टरवर चालवा. मेनूत 'डिस्प्ले' हा पर्याय शोधून तो फक्त एलसीडीपुरता ठेवा, नाहीतर टेप काउंटर आणि 'प्ले'ची खूण तुमच्या फाइलमध्ये कायमची छापली जाईल. अ‍ॅनालॉग टेपवर चित्रीकरणाच्या वेळीच उमटलेली तारीख मात्र जात नाही. हाय८ कॅमेऱ्याच्या मेनूत 'टीबीसी' असेल तर तो चालू करा. टेप कधीच अगदी एकसारख्या वेगाने फिरत नाही, त्यामुळे चित्राच्या ओळी किंचित मागेपुढे होतात आणि दाराची चौकट लाटेसारखी हलते. टीबीसी त्या ओळी सरळ रांगेत लावतो, आणि डबीला त्रासदायक होणारे झटकेही कमी करतो.

व्हीएचएस-सीच्या कॅमेऱ्यात टीबीसी सहसा नसतो. तिथे एक जुना मार्ग आहे: कॅमेरा आणि डबी यांच्या मधे डीव्हीडी रेकॉर्डर ठेवायचा आणि सिग्नल त्याच्यातून नुसता पुढे जाऊ द्यायचा. प्लेअर नव्हे, रेकॉर्डर. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ याच कामासाठी आजही शोधले जातात.

केबल

हाय८ कॅमेऱ्याला एस-व्हिडिओचं तोंड असेल तर तेच वापरा. उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून येतात, म्हणून कडा स्वच्छ दिसतात आणि बारीक रेघांच्या साडीवर इंद्रधनुष्य नाचत नाही. एस-व्हिडिओतून आवाज येत नाही. लाल-पांढऱ्या पिना लावाव्याच लागतात.

तीन रंगांच्या पिना एका टोकाला आणि ३.५ मिमीची चार भागांची पिन दुसऱ्या टोकाला, अशी केबल असेल तर सावध राहा. दिसायला सगळ्या सारख्या, पण आतली जोडणी कंपनीनुसार बदलते. पिवळ्या पिनेतून चित्राऐवजी गुरगुर आली तर लाल किंवा पांढरी पिन पिवळ्याच्या जागी लावून बघा. बऱ्याचदा चित्र तिथे सापडतं. कशातच धड काही येत नसेल तर जमिनीची तार भलत्या कड्यावर आहे, दुसरी केबल घ्या. मोनो कॅमेऱ्यात फक्त पांढरी पिन असते, लाल शोधत बसू नका.

पहिलं चित्र

डेबियन, उबंटू किंवा मिंटवर चार पॅकेज लागतात: व्ही४एल-यूटिल्स, एफएफएमपेग, एमपीव्ही आणि अल्सा-यूटिल्स. वापरकर्ता 'व्हिडिओ' आणि 'ऑडिओ' या गटांत आहे ना, ते बघा. नसेल तर गटांत घालून लॉगआउट करून परत या.

'व्ही४एल२-सीटीएल --लिस्ट-डिव्हायसेस' दिलं की कोणती डबी कुठल्या क्रमांकावर आहे ते कळतं. लॅपटॉपवर व्हिडिओ० आणि व्हिडिओ१ बहुधा त्याच्या स्वतःच्या वेबकॅमचे असतात, तुमची डबी व्हिडिओ२ वर असेल. मग त्याच प्रोग्रामने '--लिस्ट-इनपुट्स' मागा, कंपोझिट (म्हणजे पिवळी पिन) किंवा एस-व्हिडिओ यांपैकी हवा तो क्रमांक '--सेट-इनपुट' ने लावा आणि '--सेट-स्टँडर्ड' ने पाल किंवा एनटीएससी ठरवा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अनेक डब्या सुरुवातीला एनटीएससीवरच असतात. आता टेप चालू करा आणि एमपीव्हीत डबीचं चित्र उघडा.

चित्र काळं-पांढरं दिसलं तर दोनच संशयित: कंपोझिट केबल लावून इनपुट एस-व्हिडिओचं निवडलंय, किंवा पद्धत चुकली आहे. खालच्या काही ओळी कापल्यासारख्या आणि चित्र वर सरकत असेल तर पद्धतच चुकली आहे. स्नॅपमधून टाकलेल्या व्हीएलसीला डबी दिसत नसेल तर त्याला कॅमेऱ्याची परवानगी वेगळी जोडून द्यावी लागते.

आता उजेड. बऱ्याच डब्यांत मूळ कॉन्ट्रास्ट इतका चढा असतो की पांढरा सदरा किंवा मांडवातली ट्यूबलाइट नुसता पांढरा डाग होऊन जाते. एकदा कापला गेलेला तपशील नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. टेपमधला सर्वांत उजळ प्रसंग शोधा, '--सेट-सीटीआरएल' ने कॉन्ट्रास्ट थोडा थोडा खाली आणा, कपड्याच्या घड्या दिसू लागल्या की थांबा. चित्र जरा फिकट वाटेल. वाटू दे; ते नंतर गडद करता येतं.

रेकॉर्डिंग

ओबीएसचा मोह टाळा. तो सोपा आहे, पण चित्र आपल्या कॅनव्हासवर बसवताना फील्ड मोडतो. कॅमकॉर्डर सेकंदाला २५ पूर्ण चित्रं टिपत नव्हता. ५० अर्धी चित्रं टिपत होता, एकात विषम ओळी, पुढच्यात सम. हीच ती फील्ड. धावणाऱ्या मुलाची गुळगुळीत हालचाल या ५० मध्ये आहे. जपायच्या प्रतीत ती जशीच्या तशी राहायला हवीत. ती एकत्र कशी करायची ते पाहायच्या प्रतीत ठरवता येतं.

एफएफएमपेगची आज्ञा अशा क्रमाने बांधा. आधी व्हिडिओचं इनपुट: '-एफ व्ही४एल२', मग '-थ्रेड_क्यू_साइज १०२४', '-स्टँडर्ड', चित्राचा आकार ७२० बाय ५७६ आणि '-आय' नंतर डबीचा पत्ता. मग आवाजाचं इनपुट: '-एफ अल्सा', पुन्हा '-थ्रेड_क्यू_साइज १०२४', आणि 'एरेकॉर्ड -एल' ने दाखवलेलं कार्ड. कार्डाचा क्रमांक डबी काढून लावली की बदलतो, म्हणून क्रमांकाऐवजी कार्डाचं नाव द्या. शेवटी आउटपुट: व्हिडिओसाठी एफएफव्ही१, त्यात '-लेव्हल ३', '-जी १', '-स्लाइसेस १६' आणि '-स्लाइससीआरसी १'; आवाजासाठी १६ बिट पीसीएम (न दाबलेला आवाज), ४८,००० हर्ट्झ; फाइल एमकेव्ही. स्लाइससीआरसीमुळे उद्या डिस्क खराब होऊन फाइलचा तुकडा बिघडला तर तो नेमका कुठे ते सापडतं. फील्डचा क्रम फाइलवर नोंदवायला 'सेटफील्ड' फिल्टर द्या: पालला वरचं फील्ड आधी, एनटीएससीला खालचं.

एफएफव्ही१ काहीही फेकून देत नाही, तरी कच्च्या चित्रापेक्षा बरीच कमी जागा घेतो. कच्चं चित्र तासाला सुमारे ७५ जीबी. एफएफव्ही१ साधारण ३०, टेप जितकी खरखरीत तितकं जास्त. बाह्य डिस्कवर थेट लिहीत असाल तर ती डबीशेजारच्या हबवर नको.

संगणकाची झोप आणि स्क्रीनलॉक बंद करा. एका वेळी एकच प्रोग्राम डबी वापरू शकतो, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना बघायला कॅमेऱ्याचाच छोटा पडदा वापरा. आधी आज्ञा सुरू करा, मग कॅमेऱ्यावर प्ले दाबा. सुरुवातीचे रिकामे सेकंद नंतर कापता येतात. थांबवायला 'क्यू'. आणि पहिल्यांदा पाचच मिनिटं घ्या, ऐका, बघा, मगच पूर्ण कॅसेट.

बिघडतं कुठे

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हा संदेश वाचून लोक डिस्क रिकामी करत बसतात. इथे तो यूएसबीच्या रस्त्यावर जागा नाही असं सांगतोय. पालचं कच्चं चित्र सेकंदाला सुमारे २१ एमबी असतं, आणि यूएसबी २ अशा अखंड प्रवाहाला एका वाटेने जास्तीत जास्त साडेचोवीस एमबी देतो. त्याच वाहिनीवर वेबकॅम किंवा दुसरी डबी असेल तर संपलं. डबी हबमधून काढून थेट संगणकाला लावा, दुसऱ्या बाजूचं तोंड वापरून बघा, वेबकॅम बंद ठेवा.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आवाजाच्या बाबतीत आलं तर पल्सऑडिओ किंवा पाइपवायरने कार्ड धरून ठेवलंय. 'पाव्हूकंट्रोल' मध्ये जाऊन त्या कार्डाचं प्रोफाइल बंद करा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी कसे जुळत नाहीत ते बघा. तासाभरात हळूहळू फरक वाढत गेला असेल तर चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ वेगळं चाललंय. आवाज त्या प्रमाणात किंचित ताणला की झालं. लाइन-इनमधून आवाज घेतला की हे होणारच. पण मधेच एका जागी अचानक फरक पडला असेल तर तिथे चित्रं गळली आहेत. बहुतेकदा ती जागा म्हणजे दोन चित्रीकरणांमधला टेपचा कोरा तुकडा असतो: सिग्नल तुटतो, डबी चित्र देणं थांबवते, आवाज मात्र पुढे जातो. अशी टेप तुकड्यातुकड्यांत घ्या, कोऱ्या भागाशी थांबून नव्याने सुरू करून. एफएफएमपेगच्या शेवटच्या ओळीत 'ड्रॉप' (गळलेली चित्रं) आणि 'डुप' (दोनदा घेतलेली) चे आकडे दिसतात. अपेक्षेपेक्षा कमी बाइट आल्याचा इशारा वारंवार येत असेल तर केबल आणि यूएसबीचं तोंड तपासा.

चित्राच्या अगदी तळाशी वाकडी, फाटकी पट्टी दिसेल. ती दोष नाही. फिरणारं हेड बदलण्याची ती जागा आहे. जुन्या टीव्हीच्या चौकटीत ती झाकली जायची.

पाहायची प्रत

मूळ एमकेव्हीला हात लावायचा नाही. तिचा 'शा२५६सम' (फाइल बदलली का ते पुढे ताडून बघायचा आकडा) काढून ठेवा आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा. घरच्यांसाठी वेगळी फाइल बनवा: 'बीडब्ल्यूडीआयएफ' फिल्टरने फील्ड उलगडून सेकंदाला ५० चित्रं, तळाची पट्टी आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या कडा कापून, चित्राचं प्रमाण ४:३ ठेवून, एच.२६४ मध्ये सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८. प्रमाण द्यायला विसरलं तर माणसं जाड-बारीक दिसतात. उलगडल्यावर चालणारा माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरत असेल तर फील्डचा क्रम उलटा आहे. 'सेटफील्ड' बदलून पुन्हा करा. मोनो आवाज एकाच कानात येत असेल तर 'पॅन' फिल्टरने तो दोन्हीकडे द्या.

रंगाचं स्वरूप 'वाययूव्ही४२०पी' ठेवा, नाहीतर अनेक टीव्ही पेनड्राइव्हवरची फाइल उघडतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. म्हणजे चित्र पुन्हा दाबलं जात नाही; फक्त फाइल २ जीबीच्या मर्यादेत बसेल असे तुकडे करा.